भयाच्या मागावर : डॉ. वॉल्टर कॅनन

माणूस घाबरला की त्याच्या तोंडाला कोरड पडते, अंगावर काटा उभा राहतो, छाती धडधडू लागते, दरदरून घाम फुटतो, पोटात गोळा उठतो आणि पाय लटपटू लागतात. हे सारे वाक्प्रचार आपल्या आजीपणजींनी एकाही वैद्यकीय ग्रंथाला हात न लावता भाषेत रुजवले. ते एकापुढे एक मांडले तर शरीरशास्त्राच्या पुस्तकातले एक अख्खे प्रकरण तयार होईल, इतके ते अचूक आहेत. प्रश्न एवढाच उरतो, की तोंड, कातडी, काळीज आणि आतडी या परस्परांपासून दूर असलेल्या अवयवांना एकाच क्षणी हुकूम कोण देतो, आणि तो कशासाठी? या प्रश्नाचा पाठपुरावा करण्यात ज्यांनी उभी हयात घालवली ते अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ म्हणजे डॉ. वॉल्टर ब्रॅडफर्ड कॅनन. आपल्याकडे वैद्यकीच्या विद्यार्थ्यांखेरीज त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही. परंतु परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलाची भूक का मरते हे घरचे डॉक्टर आईला समजावून सांगतात, तेव्हा ते नकळत कॅनन यांचेच सांगणे सांगत असतात.

कॅनन यांचा जन्म १९ ऑक्टोबर १८७१ रोजी अमेरिकेच्या विस्कॉन्सिन प्रांतात, मिसिसिपी नदीच्या काठी असलेल्या प्रेअरी दु शीन या लहानशा गावी झाला. या गावात पूर्वी लष्करी ठाणे होते आणि विल्यम बोमाँट नावाचा फौजी डॉक्टर तेथे काही काळ नेमणुकीस होता. बंदुकीची गोळी लागून पोटाला कायमचे भोक पडलेला आलेक्सी सँ मार्तँ हा त्याचा रोगी वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्या भोकातून डोकावून बोमाँटने माणसाचे जठर काम करताना पाहिले आणि हा माणूस रागावला की त्याचे पचन बिघडते, हेही टिपून ठेवले. त्यातले काही प्रयोग या ठाण्यातच झाले होते. ज्या जागी हे घडले तिच्या अगदी जवळ, चाळीस वर्षांनी, पुढे तोच धागा उचलणारे मूल जन्माला यावे, हा योगायोग खुद्द कॅनन यांनाही मौजेचा वाटे.

वडील रेल्वेत नोकरीला होते. स्वभावाने ते कडक आणि काहीसे लहरी होते. आई शिक्षिका होती. १८८१ साली न्यूमोनियाने ती गेली तेव्हा वॉल्टर दहा वर्षांचा होता. जाताना तिने मुलाला जवळ बोलावून जगाशी चांगुलपणाने वागण्यास सांगितले, ही आठवण त्यांनी अखेरपर्यंत जपली. मुलगा अभ्यासात लक्ष घालीत नाही असे वाटून वडिलांनी चौदाव्या वर्षी त्याला शाळेतून काढले आणि रेल्वेच्या कचेरीत कामाला लावले. दोन वर्षे कारकुनी केल्यावर मुलाला शाळेची किंमत कळली असावी, कारण परत शाळेत गेल्यावर चार वर्षांचा अभ्यासक्रम त्याने तीन वर्षांत संपवला. याच वयात घरच्या कर्मठ कॅल्व्हिनपंथी धर्मश्रद्धेविषयी त्याच्या मनात शंका उठू लागल्या. चर्चच्या धर्मगुरूकडे तो त्या घेऊन गेला तेव्हा इतक्या मोठमोठ्या पंडितांनी मान्य केलेल्या गोष्टींवर शंका घेणारा तू कोण, असे त्याला विचारण्यात आले. शंकेला उत्तराऐवजी अधिकाराचा धाक मिळाला. धाकाशी कॅनन यांचा हा पहिला वाद म्हणायला हरकत नाही.

१८९२ साली शिष्यवृत्तीच्या आधारावर ते हार्वर्डला गेले. तेथे प्रख्यात तत्त्वज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांची व्याख्याने ऐकून तत्त्वज्ञानाकडेच वळावे असे त्यांच्या मनाने घेतले. जेम्स यांनीच त्यांना त्या नादातून परावृत्त केले. तत्त्वज्ञानाने पोट भरायचे म्हणजे वारा खाऊन राहायचे, अशा आशयाचा सल्ला त्यांनी दिला. गुरूने शिष्याला घालवून दिले ते वैद्यकाकडे, आणि पुढे तीस वर्षांनी हाच शिष्य वैद्यकाच्या बाजूने गुरूच्या सर्वांत गाजलेल्या सिद्धांतावर चालून आला. त्याची हकीकत पुढे येईलच.

१८९६ साली कॅनन वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. त्याच्या थोडेच आधी, १८९५ च्या अखेरीस, जर्मनीत राँटगेनने क्ष-किरणांचा शोध लावला होता. हार्वर्डचे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक हेन्री बाउडिच यांनी पहिल्या वर्षाच्या या विद्यार्थ्याला सुचवले, की या नव्या किरणांनी प्राण्याचा घास गळ्याखाली कसा उतरतो ते पाहावे. डिसेंबर १८९६ मध्ये कॅनन आणि त्यांचा सहाध्यायी आल्बर्ट मोझर यांनी एका कुत्र्याला मोत्याच्या शिंपल्याचे बटण गिळायला लावले आणि ते अन्ननलिकेतून खाली जाताना पडद्यावर पाहिले. मग लांब मानेचे हंस-बदक आले आणि शेवटी मांजरे. मांजरांच्या अन्नात बिस्मथचा क्षार मिसळला की जठराची आकृती पडद्यावर काळी उमटे आणि तिच्यातून लाटा सरकताना दिसत. आज पोटाच्या तपासणीआधी रोग्याला पांढरट बेरियम पाजतात, त्या रीतीच्या मुळाशी हीच मांजरे आहेत.

पण मांजरांनी अडचण उभी केली. काही मांजरांच्या जठरात लाटा छान दिसत, काहींच्या मुळीच दिसत नसत. दिवस जात होते आणि नोंदी जुळत नव्हत्या. एखादा उतावळा विद्यार्थी असता तर त्याने बिघडलेले प्रयोग म्हणून त्या नोंदी फेकून दिल्या असत्या. कॅनन यांच्या ध्यानात आले, की फळीवर बांधताच जी मांजरे धडपडतात, चिडतात, त्यांच्याच जठराचे काम थांबते. शांत, पोक्त मांजरीचे चालू राहते. चाललेल्या लाटा पाहत असताना मांजराला जरा त्रास दिला की जठर स्तब्ध होई. तेच मांजर कुरवाळून शांत केले, ते घुरघुरू लागले की थोड्या वेळाने लाटा परत सुरू. १८९८ साली छापलेल्या निबंधात जठराच्या हालचालींच्या वर्णनात ही गोष्ट जाता जाता आली आहे. पचनाचा अभ्यास करायला बसलेल्या माणसाच्या हाती भय लागले होते. अशा अनपेक्षित लाभाला इंग्रजीत सेरेंडिपिटी म्हणतात; सेरेंदीप हे सिंहलद्वीपाचे जुने नाव. शास्त्रज्ञांत हा शब्द रूढ होण्यास पुढे कॅनन यांच्याच लेखनाने हातभार लावला.

येथे शरीरातील मज्जासंस्थेची मांडणी थोडी समजून घेतली पाहिजे, नाहीतर पुढचे सारे मोघम वाटेल. मेंदू आणि पाठीच्या कण्यातून उतरणारा मज्जारज्जू हा सगळ्याचा गाभा. त्यातून निघणाऱ्या तंतूंचा एक वर्ग आपल्या इच्छेच्या आज्ञेत असतो. हात उचलावासा वाटला की उचलतो. दुसरा वर्ग हृदय, रक्तवाहिन्या, जठर, आतडी, घामाच्या ग्रंथी यांच्याकडे जातो आणि तो आपल्याला विचारीत नाही. केंब्रिजच्या लँग्ली यांनी त्याला स्वायत्त असे नाव दिले. या स्वायत्त तंतूंचे पुन्हा भाग पडतात. काही मेंदूच्या तळाशी आणि काही कण्याच्या अगदी खालच्या टोकाशी उगम पावतात. ते पचन, विसर्जन, हृदयाला विसावा अशी रोजची, घरगुती कामे पाहतात. त्यांना आज परानुकंपी म्हणतात. मधले, छाती आणि कमरेच्या भागातून निघणारे, ते अनुकंपी. कण्याच्या दोन्ही बाजूंना गाठींच्या माळा असतात. अनुकंपी तंतू त्या माळांत शिरतात आणि तेथे एकेक तंतू पुष्कळ पुढच्या तंतूंना जोडला जातो. त्यामुळे परानुकंपी विभाग एकेका अवयवाला सुटा हुकूम देऊ शकतो. अनुकंपी विभाग जागा झाला की दवंडी सगळ्या गावात एकदम पिटली जाते. कॅनन यांनी यासाठी पियानोची उपमा योजली होती. परानुकंपी म्हणजे सुट्या पट्ट्या, आणि अनुकंपी म्हणजे सगळ्या स्वरांचा आवाज एकदम वाढवणारी किंवा उतरवणारी पायपट्टी. भीतीत तोंडापासून पायापर्यंत सारे एका क्षणी का बदलते, याचे उत्तर या रचनेतच आहे.

या दवंडीला एक जोडीदारही आहे. मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी असतात, त्यांना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. त्यांच्या गाभ्यातून निघणारे ॲड्रिनॅलिन नावाचे द्रव्य १९०१ च्या सुमारास शुद्ध रूपात हाती आले होते, आणि ते टोचले की अनुकंपी तंतू चाळवल्यासारखेच परिणाम होतात हेही माहीत झाले होते. पण ते टोचलेले. जिवंत प्राणी घाबरतो तेव्हा त्याच्या स्वतःच्या ग्रंथी हे द्रव्य रक्तात खरोखर सोडतात काय? १९०६ पासून बाउडिच यांच्या जागी प्राध्यापक झालेल्या कॅनन यांनी १९११ साली, डॅनियल दे ला पाझ या सहकाऱ्यासह, याचा छडा लावला. मांजर शांत असताना त्याच्या शरीरातून, ग्रंथींच्या जवळच्या मोठ्या शिरेतून, थोडे रक्त काढले. नंतर त्याच्यासमोर भुंकणारा कुत्रा आणला आणि पुन्हा रक्त काढले. आतड्याच्या स्नायूची एक पट्टी बाहेर पात्रात आपसूक आकुंचन-प्रसरण पावत असे. ती शांत मांजराच्या रक्तात तशीच हलत राहिली, आणि घाबरलेल्या मांजराच्या रक्तात सैल पडून थांबली. ॲड्रिनॅलिनचे हेच लक्षण. भय ही केवळ मनाची अवस्था नसून ती रक्तात उतरते, हे एका बोटभर पट्टीने दाखवून दिले.

मग एकामागून एक उत्तरे सुटत गेली. ॲड्रिनॅलिनने यकृतातील साखर रक्तात येते; ती स्नायूंचे इंधन. हृदय जोराने चालते. इंधन पोचवायला हवे. पोटातले आणि कातडीतले रक्त कमी होऊन हातापायांच्या स्नायूंकडे वळते. म्हणून चेहरा पांढराफटक पडतो आणि पचन बंद होते. श्वासनलिका रुंदावतात, बाहुल्या मोठ्या होतात, रक्त लवकर गोठू लागते. जखम झालीच तर कमी वाहावे. ज्यांना आपण भित्रेपणाची लक्षणे म्हणून हसतो, ती सारी शरीराने केलेली लढाईची नाहीतर पळण्याची सिद्धता आहे, हा कॅनन यांचा निष्कर्ष. लढा किंवा पळा, या जोडशब्दाने तो जगभर प्रसिद्ध झाला. भीती आणि राग यांची शारीरिक लक्षणे जवळजवळ सारखी का, याचाही यातून उलगडा होतो. दोन्ही प्रसंगी अंगाला एकाच बळाची गरज असते.

आमच्या वडोदऱ्यातील जुन्या घरांतून हत्तींच्या साठमारीच्या गोष्टी अजून ऐकायला मिळतात. खंडेराव महाराजांच्या काळात ती फार गाजली होती. मस्तवाल हत्तीला डिवचणारा साठमार, हत्ती अंगावर येताच, आगडाच्या भिंतीत ठेवलेल्या अरुंद वाटेतून निसटे. तेथून माणूस जाई, हत्ती जाऊ शकत नसे. त्या चार पावलांच्या धावेत साठमाराच्या अंगात जे घडत असेल, ते कॅनन यांच्या प्रकरणात ओळीने लिहिलेले आहे.

माणसांवरचा त्यांचा एक पुरावा मोठा बोलका आहे. १९१३ च्या हंगामातील शेवटचा आणि सर्वांत चुरशीचा फुटबॉलचा सामना संपताच हार्वर्डच्या संघातील २५ जणांची लघवी तपासण्यात आली, तेव्हा १२ जणांच्या लघवीत साखर आढळली. त्यांपैकी ५ जण राखीव खेळाडू होते. ते मैदानात उतरलेच नव्हते! बाकावर बसून त्यांचे शरीर सामना खेळले होते. साखर तयार झाली, वापरली मात्र गेली नाही. कचेरीत साहेबाची बोलणी खाऊन मुकाट्याने खुर्चीवर बसणाऱ्या माणसाची गत याहून निराळी नसते. तेथे लढताही येत नाही आणि पळताही येत नाही.

१९१५ साली वेदना, भूक, भय आणि क्रोध यांत शरीरात होणाऱ्या फेरफारांवर त्यांचा ग्रंथ निघाला. त्यात आपल्या देशाचा एक उल्लेख येतो. लाळ आटण्याच्या संदर्भात कॅनन भारतातील तांदळाच्या दिव्याची गोष्ट सांगतात. संशयितांना मंत्रवलेले तांदूळ चघळायला देऊन पिंपळाच्या पानावर थुंकायला लावीत, आणि ज्याचे तांदूळ कोरडे निघतील तो चोर ठरे. धर्मशास्त्रातील तंदुल-दिव्य ते हेच. महामहोपाध्याय काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात दिव्यांची सविस्तर चर्चा आहे. स्मृतिकारांनी कोरडेपणापेक्षा रक्त दिसणे आणि अंगाला कंप सुटणे यांवर अधिक भर दिलेला आहे, तरी कंप हे लक्षणही भयाचेच. मात्र कॅनन यांच्याच शास्त्राने पाहिले तर या दिव्यात एक मोठा दोष दिसतो. निरपराध पण भित्र्या माणसाचे तोंडही कोरडेच पडणार, आणि निर्ढावलेल्या चोराला लाळ सुटणार. शरीर भय सांगते. भयाचे कारण सांगत नाही. कित्येक गरिबांचे हात या फरकापायी गेले असतील.

आता गुरूची गोष्ट. विल्यम जेम्स यांनी, आणि त्याच सुमारास डेन्मार्कच्या कार्ल लांगे यांनी, १८८४-८५ मध्ये असे प्रतिपादन केले होते, की आपण घाबरतो म्हणून कापत नाही. कापतो म्हणून आपल्याला भीती वाटते. शरीरातील बदलांची जाणीव म्हणजेच भावना. १९२७ साली कॅनन यांनी या मतावर सविस्तर टीका केली. जेम्स तेव्हा हयात नव्हते. अनुकंपी तंतूंची माळ पूर्ण काढून टाकलेली मांजरेसुद्धा कुत्र्यावर फिसकारत, पंजा उगारत. त्यांचे केस तेवढे उभे राहत नसत. पोटातील बदल सावकाश होतात, भीती मात्र क्षणात येते. शिवाय भय, क्रोध, फार काय कडाक्याची थंडी, यांतही तेच बदल दिसतात, मग भावना वेगवेगळ्या कशा? स्पेनचे डॉ. मारान्योन यांनी माणसांना ॲड्रिनॅलिन टोचून पाहिले होते, तेव्हा बहुतेकांनी आपण घाबरल्यासारखे वाटते एवढेच सांगितले, घाबरले नाहीत. तेव्हा भावनेचे मूळ मेंदूच्या आतल्या थरात, थॅलॅमसच्या भागात शोधले पाहिजे, असे कॅनन आणि त्यांचे शिष्य फिलिप बार्ड यांचे म्हणणे पडले. पुढील संशोधनाने या वादात कोणालाच पूर्ण विजय दिलेला नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भयाच्या बाबतीत मेंदूतील बदामाच्या आकाराच्या ॲमिग्डाला या भागाला महत्त्व आले, आणि शरीराकडून परत येणाऱ्या संवेदना भावनेला रंग देतात हे जेम्स यांचे म्हणणेही अगदी निकालात निघाले नाही. भयाने लढणे आणि पळणे याखेरीज जागीच थिजणे हाही प्रकार असतो, हे कॅनन यांच्या चित्रात जरा अंधुक राहिले होते.

प्रयोगशाळेतले भय आणि रणांगणावरचे भय यांत अंतर असते. १९१७ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, पाच मुलांचा हा बाप हार्वर्डच्या लष्करी रुग्णालयाच्या पथकाबरोबर फ्रान्सला गेला. जखम फारशी मोठी नसता तरुण सैनिक थंडगार पडून, रक्तदाब उतरून, डोळ्यांदेखत मरत. कॅनन आघाडीच्या मागच्या ठाण्यांत राहून त्यांचे रक्त तपासू लागले. रक्तातील अल्कली कमी होण्याने हा आघात होतो असे मानून त्यांनी सोड्याचा उपचार चालवला. ही कल्पना पुढे टिकली नाही; रक्तवाहिन्यांतून रक्त आणि द्रव निघून जाणे हेच मुख्य कारण होय असे इतरांच्या प्रयोगांतून ठरले. तथापि जखमी माणसाला ऊब देणे, त्याचा रक्तदाब वारंवार मोजणे, यांवर त्यांनी दिलेला भर वाया गेला नाही.

युद्धातून परत आल्यावर त्यांचे लक्ष उलट्या प्रश्नाकडे गेले. इतकी खळबळ होऊनही शरीर पुन्हा मूळ जागी येते कसे? उन्हाळा असो की थंडी, रक्ताची उष्णता ३७ अंशांच्या आसपास. जेवण होवो की उपास घडो, रक्तातील साखर ठराविक मर्यादेत. फ्रान्सच्या क्लोद बेर्नार यांनी शरीराच्या अंतर्गत परिस्थितीचे स्थैर्य पूर्वी सांगितले होते. ते स्थैर्य कोणत्या यंत्रणेने राखले जाते हे कॅनन यांनी दाखवले आणि १९२६ साली त्याला होमिओस्टॅसिस हे नाव दिले. मराठीत आपण समस्थिती म्हणू. १९३२ साली निघालेले त्यांचे शरीराच्या शहाणपणाविषयीचे पुस्तक सामान्य वाचकांसाठी होते आणि ते फार वाचले गेले. सुश्रुताची स्वस्थ माणसाची व्याख्या येथे कोणालाही आठवेल. पण तेवढ्यावरून आपल्याकडे हे सारे आधीच माहीत होते असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. समतोल असतो हे सांगणे निराळे आणि तो कोणती ग्रंथी, कोणत्या तंतूने, किती वेळात साधते हे मोजणे निराळे.

त्यांच्या हातून निसटलेली गोष्टही मोठीच आहे. हृदयाचे सारे मज्जातंतू तोडलेले आणि अधिवृक्क ग्रंथी निकामी केलेले मांजर चाळवले, तरी त्याचे हृदय जलद होते असे त्यांना दिसले. म्हणजे अनुकंपी तंतूंच्या टोकांतूनच काही द्रव्य रक्तात येत असले पाहिजे. त्याला त्यांनी सिंपॅथिन म्हटले. मेक्सिकोचे आर्तुरो रोझेनब्लूथ यांच्यासह १९३० नंतरच्या काळात त्यांनी मांडले, की अवयवात पोचल्यावर या द्रव्याची दोन रूपे होतात, एक उत्तेजक आणि दुसरे रोधक. ही दुहेरी कल्पना इतरांना पटली नाही. मज्जातंतूंचे निरोप रासायनिक द्रव्यांनी पोचतात या शोधाचे नोबेल पारितोषिक १९३६ साली हेन्री डेल आणि ओटो लोवी यांना मिळाले. कॅनन यांचे नाव पुष्कळदा सुचवले गेले होते. पारितोषिक मात्र त्यांच्याकडे कधी आले नाही.

घरचा माणूस म्हणून ते मोठे सुखी होते. १९०१ साली कॉर्नेलिया जेम्स या बुद्धिमान मुलीशी त्यांचा विवाह झाला. पुढे ती कादंबरीकार म्हणून नावारूपाला आली. विवाहानंतरच्या प्रवासात या जोडप्याने मोंटाना प्रांतातील सुमारे ९,००० फूट उंचीचा, तोवर कोणी न चढलेला डोंगर सर केला. प्रयोगशाळेबाहेर न चढलेल्या माणसांची ही हौस पाहून नकाशाकारांनाही कौतुक वाटले असावे. तो डोंगर आज माउंट कॅनन या नावाने नकाशावर आहे. रशियाचे पाव्हलॉव्ह हे त्यांचे जिवलग मित्र. चीनमध्ये पेकिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी १९३५ साली काही महिने शिकवले आणि जपानी आक्रमणाच्या काळात चीनला वैद्यकीय मदत पोचवण्यासाठी खटपट केली. स्पेनमध्ये यादवी पेटली तेव्हा प्रजासत्ताकाचे पंतप्रधान झालेले हुआन नेग्रीन हे मुळात शरीरक्रियाशास्त्रज्ञ आणि कॅनन यांचे स्नेही. स्पेनला औषधे आणि रुग्णवाहिका पाठवणाऱ्या अमेरिकन समितीचे अध्यक्षपद कॅनन यांनी स्वीकारले, तेव्हा त्यांच्यावर कम्युनिस्ट असल्याचे आरोप झाले. ते कम्युनिस्ट नव्हते. पण आरोपाला भिऊन त्यांनी पद सोडले नाही. त्याआधी प्राण्यांवरील प्रयोगांना विरोध करणाऱ्यांशीही ते अनेक वर्षे झुंजले होते. आपल्यासारख्या, मुंगीला साखर घालणाऱ्या समाजातील वाचकाला त्यांच्या मांजरांच्या कथा वाचताना कुठेतरी बोचते, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र प्रयोगशाळांत प्राण्यांना निष्कारण वेदना होऊ नये यासाठी नियम घालून देण्यात कॅनन यांनी स्वतः पुढाकार घेतला होता, हेही सांगितले पाहिजे.

१९४२ साली त्यांनी एक विलक्षण निबंध लिहिला. ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका येथील आदिवासींत मांत्रिकाने शाप दिला, हाड रोखले, की धडधाकट माणूस काही दिवसांत मरतो, असे प्रवासी आणि डॉक्टर सांगत आले होते. आपल्याकडे मूठ मारली, करणी केली म्हणतात तसलाच हा प्रकार. शास्त्रज्ञाने अशा गोष्टीला हसावे अशी रीत. कॅनन हसले नाहीत. त्यांनी ठिकठिकाणच्या डॉक्टरांना पत्रे लिहून, विषप्रयोगाची शक्यता बाजूला काढून, माहिती जमवली. त्यांचे म्हणणे असे, की मंत्रात काही नसते, पण त्यावर साऱ्या समाजाचा विश्वास असतो. शापिताला आप्तेष्ट सोडून देतात, जिवंतपणीच त्याचा शोक करतात. तो अन्नपाणी टाकतो. जी सिद्धता काही मिनिटांसाठी असते ती दिवसेंदिवस चालू राहते, रक्तदाब ढासळतो आणि माणूस जातो. धसका घेऊन मेला, असे आपल्या बायकामाणसे म्हणतात त्याचा हा शास्त्रीय पाठपुरावा होता. पुढे १९५७ साली कुर्ट रिक्टर यांनी उंदरांवरील प्रयोगांवरून असा मृत्यू उलट परानुकंपी मार्गाने, हृदय मंदावून येतो असे मत दिले. आणि १९९० साली जपानी डॉक्टरांनी एका हृदयविकाराचे वर्णन केले, ज्यात मोठ्या मानसिक धक्क्यानंतर, रक्तवाहिन्या मोकळ्या असतानाही, हृदयाचा खालचा भाग फुगून दुबळा पडतो. तेथील अष्टपाद पकडण्याच्या मडक्यावरून त्याला ताकोत्सुबो नाव पडले. ॲड्रिनॅलिनवर्गी द्रव्यांच्या लोंढ्याशी त्याचा संबंध जोडला जातो. धसक्याने मृत्यू येऊ शकतो, एवढ्या मुद्द्यावर तरी कॅनन यांचे पाऊल चुकीच्या वाटेवर पडले नव्हते.

हा निबंध लिहिताना ते स्वतः आजारी होते. विद्यार्थिदशेत क्ष-किरणांच्या नळीजवळ, कोणतेही संरक्षण न घेता, त्यांनी तासन् तास घालवले होते. त्या काळी त्या किरणांचा धोका कोणालाच नीट ठाऊक नव्हता. त्याची फळे उतारवयात मिळाली. १९३१ च्या सुमारास कातडीचा असाध्य विकार जडल्याचे निदान झाले. अंगाला खाज सुटे, व्रण होत, शस्त्रक्रिया कराव्या लागत. ज्या मांजरांच्या पोटाकडे पाहता पाहता त्यांना भयाचा माग लागला, त्याच तासांनी हे दुखणे दिले होते. रोगाचे नाव कळल्यावरही चौदा वर्षे ते काम करीत राहिले. समस्थितीचे पुस्तक, स्पेन, चीन, शापाचा निबंध, हे सारे त्या चौदा वर्षांतले आहे. १९४२ साली ते प्राध्यापकीतून निवृत्त झाले, आणि १९४५ साली संशोधकाच्या वाटचालीवरील त्यांचे आत्मकथनपर पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी १ ऑक्टोबर रोजी न्यू हॅम्पशायरमधील फ्रँकलिन येथे, वयाची ७४ वर्षे पुरी होण्यास अठरा दिवस उरले असता, त्यांचे निधन झाले.

पुढच्याच वर्षी, १९४६ मध्ये, स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी अनुकंपी तंतूंतून निघणारे ते द्रव्य ओळखले. ते नॉरॲड्रिनॅलिन होते. ॲड्रिनॅलिनचेच सख्खे भावंड, आणि एकच. कॅनन ज्याच्या शोधात दोन रूपांच्या कल्पनेत अडकून पडले होते ते हेच. फॉन ऑयलर यांना १९७० साली नोबेल पारितोषिक मिळाले.